फोटो कोणाचा, नोटीस कोणाला?

आठवडाभर मिहानच्या ऑफिसात दुसऱ्यांनी करून ठेवलेले बग निस्तरल्यावर शनिवारी सकाळी माणसाला एकच अपेक्षा असते: तर्री पोहे खावेत आणि कोणी फोन करू नये. गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी पोहे समोर आले आणि फोनही आला. मित्राचे बाबा.

"अरे, स्पीड पोस्टानं वकिलाची नोटीस आली आहे. ह्याच्याही नावाची आहे आणि तुझ्याही. दोन लाख मागून राह्यले. काहून रे, पोलीस येतील का घरी?"

काका सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. आयुष्यभर एकही मेमो न घेतलेला माणूस. त्यांच्या आवाजातला तो कंप ऐकून माझी तर्री तिथेच थंड झाली.

आधी पार्श्वभूमी सांगतो. मी आणि माझा हा मित्र, आम्ही दोघं मिळून एक छोटीशी साइट चालवतो. नागपूर आणि विदर्भाचे फोटो. कोणीही यावं, खातं उघडावं, आपण काढलेला फोटो टाकावा. फुटाळ्याची संध्याकाळ, ताडोबाचे वाघ, पोळ्याचे बैल, दीक्षाभूमीवरची गर्दी. चारेकशे सभासद, अकरा हजारांच्या आसपास फोटो. जाहिरातींतून सर्व्हरचं भाडंसुद्धा पूर्ण निघत नाही. डोमेन मित्राच्या घरच्या पत्त्यावर घेतलेलं, म्हणून नोटीस काकांच्या हातात.

नोटीस एका परगावच्या फोटो एजन्सीची. आमच्या कुठल्याशा सभासदानं वर्षभरापूर्वी टाकलेला एका वाघाचा फोटो त्यांच्या फोटोग्राफरचा निघाला. आम्ही तासाभरात फोटो काढून टाकला. सभासदाला मेल केला, उत्तर नाही. खातं बेवारस. एजन्सीला कळवलं की काढला. तिकडून उत्तर: काढलात ते ठीक, दोन लाखांचं काय? नंतर "तडजोड" म्हणून पस्तीस हजार. भाजीबाजारात करतात तशी घासाघीस!

आता या कथेची दुसरी बाजू. माझा मामेभाऊ महालात राहतो आणि फोटोग्राफी हाच त्याचा धंदा. लग्नं, मुंजी, आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या हौसेचे फोटो. त्यानं पिवळ्या मारबतीच्या मिरवणुकीचा एक फोटो काढला होता. (नागपूरबाहेरच्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, १८८० च्या दशकापासूनची प्रथा आहे.) अप्रतिम फोटो. त्यानं तो एका फुकट साइटवर टाकला. सहा महिन्यांनी तोच फोटो एका वॉलपेपरच्या साइटवर दुसऱ्याच्या नावानं, आणि तिथून उचलून एका दुकानाच्या भल्या मोठ्या बॅनरवर. दादानं वॉलपेपरवाल्यांना चार मेल टाकले. उत्तर शून्य. मला म्हणाला, "तुम्ही साइटवाले सगळे सारखेच बे. दुसऱ्याच्या मालावर दुकान मांडता अन् हात वर करता."

म्हणजे एकाच महिन्यात मी चोराचा साथीदारही ठरलो आणि चोरी झालेल्याचा भाऊही. तेव्हा या विषयावर तावातावानं बोलायचा मला थोडा तरी अधिकार आहे असं समजून पुढे वाचा. :-)

या विषयावर दोन आरोळ्या नेहमी ऐकू येतात. पहिली: "नेटवर टाकलं म्हणजे संपलं, ते सगळ्यांचं." दुसरी: "साइटवाल्याला धरा, त्याच्या घरात माल सापडला ना!" माझं म्हणणं असं की दोन्ही आरोळ्या चूक आहेत. दोन्ही ठोकणाऱ्यांना विचार करायचा कंटाळा आहे.

पहिली आरोळी आधी निकालात काढू. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात फोटो ही कलाकृती आहे. नोंदणी करावी लागत नाही, कोपऱ्यात वर्तुळातलं ते चिन्ह काढावं लागत नाही. बटन दाबलं, हक्क जन्मला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर फोटोचा हक्क फोटोग्राफर जिवंत असेपर्यंत आणि त्यापुढे ६० वर्षं. आधी प्रसिद्धीपासून ६० वर्षं होता. फोटो नेटवर टाकल्यानं यातलं काहीच बुडत नाही.

पटत नसेल तर हैतीच्या भूकंपाचं प्रकरण घ्या. जानेवारी २०१०. डॅनिएल मोरेल नावाच्या फोटोग्राफरनं उद्ध्वस्त शहराचे फोटो ट्विटपिक या साइटवर चढवले. दुसऱ्या एका माणसानं ते उचलून स्वतःचे म्हणून टाकले. तिथून ते एएफपी या वृत्तसंस्थेनं घेतले, गेटीमार्फत जगभर गेले. मोरेलनं तक्रार केल्यावर उलट एएफपीच कोर्टात गेली, की आम्ही काही चूक केलेली नाही असं जाहीर करा! कोर्टानं सांगितलं, ट्विटरच्या अटी मान्य करून फोटो टाकला म्हणजे तुम्हाला तो विकायचा परवाना मिळाला असं होत नाही. २०१३ मध्ये ज्युरीनं मोरेलला बारा लाख डॉलर भरपाई दिली.

आपल्याकडचं उदाहरण हवं? मुंबई उच्च न्यायालय, मार्च २०२१. साक्षी मलिक या अभिनेत्रीचा तिनं इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो 'व्ही' नावाच्या तेलुगू चित्रपटात तिला न विचारता वापरला, तोही एका वेश्येचा फोटो म्हणून. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तो भाग काढेपर्यंत अख्खा चित्रपट अॅमेझॉन प्राइमवरून उतरवायला लावला. प्रकरण बदनामीचं आणि खाजगीपणाचं होतं, कॉपीराइटचं नव्हे, हे कबूल. पण "नेटवर होता म्हणून घेतला" ही सबब कोर्टात किती टिकते ते दिसलं.

तेव्हा दादाचा राग शंभर टक्के रास्त. त्याचा फोटो त्याचाच आहे.

आता दुसरी आरोळी. साइटवाल्याला धरा. "तुम्ही इंजिनिअर ना? चढवायच्या आधी तपासता येत नाही का?"

मंडळी, याचं उत्तर इंजिनिअर म्हणूनच देतो. दोन फोटो सारखे आहेत की नाही हे मशीन छान सांगतं. फोटोचा आकार बदला, थोडा उजळ करा, तरी त्याचा ठसा काढून आधीच्या ठशांशी जुळवता येतो. ते अवघड नाही, आम्हीही केलं आहे. अवघड आहे ते पुढचं: हा फोटो चढवणाऱ्याला तो चढवायचा हक्क आहे का? हे फोटोच्या पिक्सेलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. ते असतं माणसांमधल्या करारात. आणि तो करार बहुतेक वेळा कागदावरसुद्धा नसतो.

एक लग्न घ्या. नवरा-नवरी हार घालताहेत. पैसे घेऊन आलेल्या फोटोग्राफरनं एक फोटो काढला. कायद्याचं कलम १७ सांगतं, पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याच्या मालकीचा. (दादाला हे सांगितलं तेव्हा दोन मिनिटं तो गप्पच झाला.) त्याच क्षणी नवरीच्या मावसभावानं मोबाइलवर फोटो काढला. तो मावसभावाचा. आणि एखाद्या पेपरच्या पगारी फोटोग्राफरनं तिथेच उभं राहून काढला असेल तर छापण्यापुरता मालक पेपरवाला, बाकीचे हक्क फोटोग्राफरचे. तीन फोटो, जवळजवळ सारखे. तीन मालक. आता लिहा यावर प्रोग्रॅम! मला आणून दाखवा, मी नोकरी सोडून तुमच्या हाताखाली येतो.

एखादी अजस्र कंपनी कोट्यवधी खर्च करून असली यंत्रणा उभी करेलही. ती चुकेल, पण उभी राहील. आम्ही दोघांनी कुठून आणायचे? म्हणजे "आधी तपासा" या नियमाचा अर्थ प्रत्यक्षात एवढाच होतो, की छोट्यांनी बंद करा आणि सगळ्यांनी आपले फोटो तीन-चार बड्यांच्या दारात नेऊन टाका. युरोपनं २०१९ च्या कॉपीराइट निर्देशातल्या कलम १७ मध्ये बड्या साइटींवर बरीच जबाबदारी टाकली. पण तिथेही तीन वर्षांहून नव्या आणि वर्षाला एक कोटी युरोपेक्षा कमी उलाढालीच्या सेवांना बरीच सूट ठेवली. त्यांनाही हे कळलं होतं.

मग आपला कायदा काय म्हणतो? इथे जरा धीर धरा, कारण ही गोष्ट एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरसारखी आहे. पॅचवर पॅच.

२००० साली आयटी कायदा आला. त्यातल्या कलम ७९ नं साइटवाल्यांना थोडं संरक्षण दिलं, पण फक्त त्याच कायद्याखालच्या गुन्ह्यांपुरतं. २००४ मध्ये बाझी डॉट कॉमवर कोणीतरी एक अश्लील क्लिप विकायला ठेवली आणि अटक झाली कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज यांना. क्लिप त्यांनी बनवली नव्हती, विकायला ठेवली नव्हती. त्यांच्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात रद्द व्हायला २०१२ उजाडलं. माणसाची सात वर्षं! त्या अटकेनंतर आपल्याला जाग आली. कलम ७९ नव्यानं लिहिलं गेलं, ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं: दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराला साइट जबाबदार नाही, अट एवढीच की ती स्वतः त्यात ढवळाढवळ करत नसावी, योग्य काळजी घेत असावी, आणि कळल्यावर लगेच काढत असावी.

छान. पण त्याच दुरुस्तीत कलम ८१ ला एक शेपूट जोडलं: या कायद्यातलं काहीही कॉपीराइट कायद्याखालचे हक्क बजावायला आड येणार नाही. म्हणजे एका हातानं छत्री दिली आणि दुसऱ्या हातानं त्याला भोक पाडलं.

त्या भोकातून टी-सीरिज आत शिरली. २००८ मध्ये तिनं मायस्पेसवर दिल्लीत दावा केला होता, की लोक आमची गाणी चढवतात आणि तुम्ही जाहिराती दाखवून कमावता. जुलै २०११ मध्ये एकसदस्यीय पीठानं टी-सीरिजच्या बाजूनं कौल दिला. आधार कॉपीराइट कायद्याचं कलम ५१: कमाईसाठी एखादी "जागा" चोरीच्या कलाकृतीच्या प्रयोगाला वापरू देणं हाही भंग. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नाट्यगृह होतं. म्हणजे वसंतराव देशपांडे सभागृहात कोणी परवानगीशिवाय दुसऱ्याचं नाटक लावलं, तर भाडं घेणाऱ्यालाही विचारा. ठीक आहे. पण सभागृहात एका संध्याकाळी एक प्रयोग होतो, आणि त्याची जाहिरात बाहेर लावलेली असते. साइटवर एका रात्रीत हजार लोक, न विचारता, हजार फोटो ठेवून जातात. सभागृहाचा मापदंड इथे लावणं म्हणजे बर्डीच्या प्रत्येक माणसाच्या खिशातल्या मालाला चौकाचा मालक जबाबदार, असं म्हणणं.

२३ डिसेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठानं तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती रवींद्र भट आणि दीपा शर्मा. तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. कलम ७९ चं संरक्षण कॉपीराइटलाही लागू. "तुमच्याकडे चोरीचा माल असू शकतो हे तुम्हाला ठाऊक होतं" एवढं मोघम ज्ञान पुरत नाही, नेमका कुठला माल ते कळवा. आणि मशीननं आपोआप फाइलचा फॉरमॅट बदलला म्हणजे साइटनं मजकुरात फेरफार केला असं होत नाही. माझ्या मते आपल्याकडे या विषयावर लिहिला गेलेला हा सगळ्यात शहाणा निकाल.

पण तो एका उच्च न्यायालयाचा. आणि जे कॉपीराइट कायद्यातच लिहायला हवं होतं ते तिथे अर्धवट लिहिलेलं आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ५२ मध्ये एक सूट घातली, पण ती "क्षणिक किंवा आनुषंगिक" साठवणुकीला. आमच्या साइटवर फोटो क्षणभर नसतो हो, वर्षानुवर्षं असतो. फोटो ठेवण्यासाठीच तर ती आहे! म्हणजे सर्च इंजिनाला संरक्षण, आणि फोटो ठेवणाऱ्याला आशा.

त्याच कलमाची आणि २०१३ च्या नियमांतल्या ७५ व्या नियमाची पद्धतही बघा. हक्कदारानं लेखी तक्रार करायची, ३६ तासांत साइटनं फोटो बंद करायचा. इथवर उत्तम. पण तक्रार करतानाच हक्कदारानं लिहून द्यायचं की मी कोर्टात दावा लावीन आणि २१ दिवसांत आदेश आणून दाखवीन. आदेश आला नाही तर साइट फोटो पुन्हा चालू करू शकते. आता महालातल्या फोटोग्राफरनं मारबतीच्या एका फोटोसाठी जिल्हा न्यायालयात दावा लावून २१ दिवसांत आदेश आणायचा? सुट्ट्या धरून? दावा नागपुरातच लावता येतो, कलम ६२ नं ती सोय दिली आहे. पण वकिलाची फी, कोर्टाच्या चकरा आणि बुडालेली लग्नाची ऑर्डर यांचा हिशोब केला तर दादा म्हणतो तेच खरं: "फोटो गेला तर गेला, सीझन नाही जायला पाहिजे."

उलट बाजूनं हीच ६२ ची सोय मोठ्या शहरातल्या एजन्सीला मिळते. ती तिच्या गावात दावा लावणार आणि आम्ही सुट्टी टाकून ट्रेननं तारखेला जाणार. त्यात कलम ६३: हेतुपुरस्सर भंगाला किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद, आणि ५० हजार ते २ लाख दंड. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निट प्रो प्रकरणात सांगितलं की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. काकांचा प्रश्न आठवला? "पोलीस येतील का घरी?" मी त्यांना "छे छे, काहीतरीच काय" म्हणालो. कायदा वाचल्यावर तितक्या ठामपणे म्हणालो नसतो.

आणि या सगळ्यात ज्यानं फोटो चढवला त्याचं काय? त्याला साधी नोटीस द्या, त्याचं म्हणणं ऐका, असं आपल्या नियमात नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात निदान उलट नोटिशीची सोय आहे. हा फोटो माझाच आहे असं तो नाव-पत्त्यासकट म्हणू शकतो. आपल्याकडे खोटी तक्रार करून कोणाचाही खराखुरा फोटो तीन आठवडे गायब करता येतो.

आता थांबा. इथवर वाचून तुम्ही म्हणाल, हा गडी साइटवाल्यांची वकिली करून राहिला. तर पुढचं ऐका, कारण हे लिहायला मला जास्त जड जातंय.

नोटीस आल्यावर मी आमचा कोड पुन्हा वाचायला बसलो. फोटो चढल्यावर त्याच्या लहान-मोठ्या आवृत्त्या बनवणारा भाग मीच लिहिलेला. त्यात एक ओळ होती. फाइलच्या पोटातली सगळी माहिती पुसून टाकणारी. कॅमेरा कुठला, तारीख काय, आणि फोटोग्राफरचं नाव काय. मी ती ओळ कुठल्याशा उदाहरणातून जशीच्या तशी उचलली होती, फाइल काही केबींनी लहान होते म्हणून. म्हणजे गेली चार वर्षं, अकरा हजार फोटोंवरून, आमची साइट निर्मात्याचं नाव स्वतःच्या हातानं पुसत होती. कोणी सभासदानं नव्हे. मी.

तो वाघाचा फोटो मूळ फाइलमधून काढून पाहिला. आत एजन्सीचं आणि फोटोग्राफरचं नाव व्यवस्थित होतं. आमच्या साइटवर तो दिसत होता निनावी.

२०१२ च्या दुरुस्तीत कॉपीराइट कायद्यात ६५ब हे कलम आलं. हक्काची माहिती, म्हणजे कर्त्याचं नाव, मालकाचं नाव, वापराच्या अटी, ही जाणूनबुजून पुसली तर दोन वर्षांपर्यंत कैद. "जाणूनबुजून" या शब्दाच्या आड मी लपू शकतो. पण तुमच्यापाशी खरं बोलायचं तर, माहीत करून न घेणं हीसुद्धा एक सोयच असते. दादा म्हणाला होता ना, दुसऱ्याच्या मालावर दुकान मांडता. त्याच्या मारबतीच्या फोटोतलं नाव त्या फुकट साइटनं असंच पुसलं असणार, आणि म्हणूनच तो वॉलपेपरवाल्याकडे बेवारस पोचला असणार.

माझा मुद्दा आता नीट मांडता येईल. साइटला तिच्या सभासदाच्या पापासाठी धरू नका. तिच्या स्वतःच्या कृतीसाठी मात्र सोडू नका. नाव पुसलं, धरा. कळवल्यावरही काढलं नाही, धरा. फोटोची प्रिंट काढून विकली, स्वतः निवडून पहिल्या पानावर मिरवला, धरा. तक्रारीला पत्ताच ठेवला नाही, आधी धरा. सीमारेषा "माल कोणाच्या घरात सापडला" ही नको, "हात कोणाचा लागला" ही हवी.

बोलाचीच कढी नको म्हणून आमच्या धंद्याच्या पद्धतीनं मागण्यांची यादीच देतो.

१. कॉपीराइट कायद्यातच, दुसऱ्यांचे फोटो कायम साठवणाऱ्या साइटला स्पष्ट शब्दांत संरक्षण द्या. एका निकालाच्या आणि दोन कायद्यांच्या फटीत जगायला लावू नका.

२. तक्रारीत नेमकी लिंक हवी. ३६ तासांत फोटो उतरवा. चढवणाऱ्याला त्याच दिवशी कळवा. त्यानं नाव-पत्त्यासकट हक्क सांगितला तरच तक्रारदारानं कोर्टात जावं. तो गप्प बसला तर फोटो कायमचा उतरलेला राहू द्या. म्हणजे दादाला २१ दिवसांची शर्यत नको आणि खऱ्या मालकाचा गळाही नको.

३. फोटोतलं नाव जपणं सक्तीचं करा. ठिकाणाची माहिती जरूर पुसा. वाघ नेमका कुठे बसला होता हे शिकाऱ्याला कशाला सांगायचं? पण नाव पुसायचं तांत्रिक कारण एकही नाही. मी तपासलंय.

४. छोट्या दाव्यांसाठी स्वस्त जागा द्या. अमेरिकेत २०२२ पासून असं एक मंडळ चालू आहे, ३० हजार डॉलरपर्यंतचे दावे वकिलाशिवायही लावता येतात. नागपूरच्या फोटोग्राफरला नागपुरात किंवा ऑनलाइन, ठराविक भरपाई मिळू द्या.

५. तुरुंगाची धमकी धंदा म्हणून नक्कल विकणाऱ्यांसाठी ठेवा. आणि नोटिशींचं दुकान मांडणाऱ्यांना चाप लावा. कलम ६० मध्ये निराधार धमकीविरुद्ध दाद मागायची सोय आहे, पण ती किती जणांना ठाऊक आहे? मला महिन्यापूर्वी नव्हती.

याला एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे. "कळवल्यावर काढतो" या नियमाचा बड्या कंपन्या गैरफायदा घेतात. रोज नवा चोर चढवतो, रोज बिचारा फोटोग्राफर कळवत बसतो. आक्षेप खरा आहे. म्हणून एकदा उतरवलेल्या फोटोचा ठसा जपा आणि तोच फोटो पुन्हा चढू देऊ नका, वारंवार चोरी करणाऱ्याचं खातं बंद करा. हे मशीनला जमतं, कारण इथे मालकी ओळखायची नाही, फक्त सारखेपणा ओळखायचा आहे. आम्हा दोघांना हे दोन शनिवारांत जमलं. अब्जावधी कमावणाऱ्यांना जमत नसेल तर ते जमवायचंच नाही असं समजावं.

असो. आमचं पुढे काय झालं? फोटो चढवायचं बटन आम्ही बंद ठेवलं. ती पुसणारी ओळ उडवली. मूळ फाइली सुदैवानं जपून ठेवल्या होत्या, त्यातून जिथे नावं होती तिथे परत आणली. तक्रारीचा पत्ता आणि माणसाचं नाव पहिल्या पानावर टाकलं. एजन्सीला ओळखीच्या वकिलामार्फत उत्तर पाठवलं: तासाभरात काढला, कलम ७९, मायस्पेस निकाल, पैसे देणार नाही. आणि शेवटी मी हट्टानं एक ओळ घालायला लावली, की तुमच्या फोटोग्राफरचं नाव आमच्याकडून पुसलं गेलं याबद्दल त्यांची माफी मागतो. वकीलसाहेब म्हणाले, "असं कोणी लिहून देतं का? कबुली होते ना बाप्पा." होऊ दे. चूक माझी होती तेवढी माझी. सभासदाची ती माझी नव्हे.

तिकडून अजून उत्तर नाही. काका दर शनिवारी विचारतात, काही आलं का रे. मी नाही म्हणतो. ते हं म्हणतात. त्या हं मध्ये काय काय असतं ते मला कळतं.

दादाला हे सगळं वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "तुमचं ते बटन कधी चालू करून राह्यला?"

म्हटलं, उत्तर आल्यावर बघू.

"उत्तराची वाट काय पाहतो बे? चालू कर. मारबतीचा मोठा फोटो आहे माझ्यापाशी, तो टाकतो. पण नाव पुसलं तर घरी येईन."

या सोमवारी चालू करतोय.

ता. क. मी इंजिनिअर आहे, वकील नाही. तुम्हाला नोटीस आली तर हे छापून घेऊन बसू नका, चांगला वकील गाठा. आणि आज रात्री आपापला फोटो साठवण्याचा कोड एकदा वाचून बघा. ती ओळ तुमच्याकडेही असेल.